लाडक्या व्यंगपात्रावर समूह-प्रदर्शन कसं भरवावं: ‘कॉमन मॅन’ समोर ठेवून सविस्तर मार्गदर्शन

टोकियोच्या मोरी आर्ट्स सेंटर गॅलरीत नोव्हेंबर २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात डोरेमॉन या जपानी कार्टूनमधल्या यंत्रमांजरावर एक मोठं समूह-प्रदर्शन भरलं होतं. त्यात २८ कलावंत आणि कलावंत-गट होते. ताकाशी मुराकामी, योशितोमो नारा, मिका निनागावा, यासुमासा मोरिमुरा अशी नामवंत मंडळी त्यात होती. सगळ्यांना सांगणं एकच होतं: तुमचा स्वतःचा डोरेमॉन करा. नारांनी डोरेमॉनऐवजी त्याची बहीण डोरामी रंगवली, आपल्याकडची मुलं जिला डोरेमी म्हणतात ती. तिच्या डोक्यावरची रिबन गायब आहे, कारण ती गल्लीतल्या दांडगट जियाननं पळवली आहे. २००२ साली अशाच पहिल्या प्रदर्शनातही नारांनी रिबन गेलेली डोरामी काढली होती. २०१७ च्या चित्राचं शीर्षक सांगतं की रिबन अजूनही परत मिळालेली नाही.

जियानचा स्वभाव ठाऊक असलेल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. चित्रकाराची शैली पूर्णपणे त्याची स्वतःची आहे, तरी आपण त्याच गल्लीत, त्याच पोरांमध्ये आहोत हे बघणाऱ्याला लगेच कळतं. अशा प्रदर्शनात मला हेच हवं असतं. एकच चेहरा एकानं तैलरंगात, दुसऱ्यानं वारलीत आणि तिसऱ्यानं पॉप-आर्टमध्ये काढला, तर तो शैलींचा नमुना-फलक होतो आणि प्रेक्षक पाच मिनिटांत बाहेर पडतो. पात्राचं पुनर्कल्पन म्हणजे त्या पात्राशी असलेलं आपलं नातं नव्यानं मांडणं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

उदाहरण म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ घेतो. तो आपल्याला जवळचा आहे, त्याच्याबाबतीत कायद्याचे प्रश्नही खरे आहेत आणि कलावंताला त्यात करण्यासारखं भरपूर आहे.

पायरी १: पात्र निवडा, मग ते न बघता काढा

‘लोकप्रिय’ एवढा निकष पुरत नाही. पात्राला दोन गोष्टी हव्यात: लांबून ओळखू येणारं रूप आणि ठाम स्वभाव. रूप असून स्वभाव नसेल, तर चित्रं सजावटीपलीकडे जात नाहीत. बऱ्याच जाहिरातींच्या बोधचिन्हांचं असं होतं. लक्ष्मण यांनीच १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू फार गोड आहे. पण पंधरा कलावंतांना वर्षभर पुरेल एवढं त्याच्यात आहे का, हा प्रश्न मी आधी विचारीन. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’मध्ये मात्र ते नक्की आहे. घर, वाडा, मित्र, खोड्या, आईचं बोलणं असं अख्खं जग तिथे आहे.

पात्र ठरलं की गटाची पहिली बैठक कागद-पेन्सिलीवर घ्या. मोबाइल बाजूला ठेवायला सांगा आणि प्रत्येकानं ते पात्र एका मिनिटात आठवणीतून काढायचं. कॉमन मॅनचं काय होतं ते बघा. जवळजवळ प्रत्येक कागदावर गोल चष्मा, टक्कल आणि मागे उरलेले केस, भरघोस मिशी, चौकड्यांचा कोट आणि धोतर येईल. काहींच्या हातात छत्री असेल, काहींच्या नसेल. हात कुठे आहेत, बूट कसे आहेत यावर मतभेद होतील. सगळ्या कागदांत समान असलेल्या खुणा म्हणजे त्या पात्राचा सांगाडा. बाकीच्या जागेत कलावंताला मोकळीक आहे.

आता तो सांगाडाही एकेक खूण काढून तपासा. चष्मा काढला तर तो ओळखू येतो का? नुसता चौकड्यांचा कोट खुंटीला टांगला तर? माझ्या मते येतो, आणि म्हणूनच तो कोट एकटा एक अख्खी कलाकृती पेलू शकतो. डोरेमॉनला कान नाहीत, पण पोटावरचा खिसा आणि गळ्यातली घंटा एवढ्यावर तो ओळखू येतो.

याच बैठकीत स्वभावाचाही सांगाडा लिहून काढा. बहुतेक गट हे विसरतात. कॉमन मॅन बोलत नाही. तो चित्राच्या मध्यभागी क्वचितच असतो. मंत्री, अधिकारी, पुढारी बोलत असतात आणि हा कडेला उभा राहून बघत असतो. त्याची बायको मात्र बोलते, आणि चांगलं खणखणीत बोलते. टाइम्स ऑफ इंडियात १९५१ पासून पुढे कित्येक दशकं हा माणूस असाच गप्प उभा राहिला. त्याच्या तोंडी भाषण घालणारं चित्र कितीही देखणं असलं तरी तो कॉमन मॅन राहत नाही. उलट, चार लाऊडस्पीकरांवर चार भाषणं एकाच वेळी चालू आहेत आणि मधल्या खुर्चीवर फक्त तो कोट आहे, अशी मांडणी केली तर चेहरा न दाखवताही तो पूर्णपणे तिथे असतो.

गटातल्या सगळ्यांनी मूळ काम भरपूर बघितलेलं हवं. पुण्यात बालेवाडीला लक्ष्मण यांच्या कामाचं संग्रहालय आहे. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळी सी-फेसवर कॉमन मॅनचे पुतळे आहेत. एक दिवस काढून सगळ्यांनी मिळून जा आणि तिथे बसून स्केचेस करा. मोबाइलवरच्या प्रतिमेत ब्रशच्या रेषेची जाडी-बारीकी कळत नाही, आणि लक्ष्मण यांचं अर्धं बोलणं त्या रेषेत आहे.

पायरी २: परवानगी. याच्या आधी कॅनव्हास ताणू नका

‘आदरांजली आहे, कोण काय म्हणणार’ या भरवशावर काम सुरू करू नये. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. लक्ष्मण यांचं निधन २६ जानेवारी २०१५ रोजी झालं. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७५ सालाच्या अखेरपर्यंत आहे.

हक्क कोणाकडे आहे, हा वर्तमानपत्री व्यंगचित्रांमधला खरा गुंता आहे. कलम १७ नुसार, वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना छापण्यासाठी केलेल्या कामाचा पहिला मालक वर्तमानपत्राचा मालक असतो. पण हे फक्त वर्तमानपत्र-नियतकालिकातल्या प्रकाशनापुरतं. बाकी सगळ्या बाबतींत पहिला मालक कलावंत असतो. वेगळा करार झालेला असेल तर हे सगळं बदलतं. म्हणून पत्र दोन्हीकडे पाठवा, कलावंताच्या वारसांना आणि वर्तमानपत्राला, आणि हक्क आपल्याकडे आहेत की नाहीत हे दोघांकडूनही लेखी घ्या. पात्राचं नाव किंवा चित्र ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असू शकतं, तेही तपासा. ट्रेडमार्क नोंदणीचा शोध सरकारी संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य घेता येतो.

कलम ५७ कडेही लक्ष द्या. हक्क विकले गेले असले तरी कलावंताचा एक हक्क उरतोच: त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कामाची मोडतोड झाली तर तो हरकत घेऊ शकतो, आणि त्याच्यामागे त्याचे कायदेशीर प्रतिनिधीही घेऊ शकतात. मोडतोड हाच ज्याचा विषय आहे अशा प्रदर्शनाला हे कलम थेट लागू पडतं.

टीका-समीक्षेसाठी कायद्यात सवलत आहे, पण विडंबनाचा शब्दशः उल्लेख नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचं चित्र किंवा छायाचित्र काढायलाही मोकळीक आहे, त्यामुळे वरळीच्या पुतळ्यासमोर बसून स्केच करायला अडचण नाही. पण या सवलतींच्या आधारावर विक्रीचं अख्खं प्रदर्शन उभारू नका. पैसे हातात येणार असतील तर एकदा बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा.

परवानगीच्या पत्रात हे सगळं स्पष्ट हवं:

- प्रदर्शनाची कल्पना एका परिच्छेदात, आणि सहभागी कलावंतांची नावं, कामाच्या नमुन्यांसह
- शहर, दालन, अंदाजे तारखा, आणि प्रदर्शन पुढे दुसरीकडे जाणार असेल तर तेही
- मूळ कलाकृती विकणार का. प्रिंट, पोस्टकार्ड, टी-शर्ट, कॅटलॉग काढणार का (प्रत्येकाचा वेगळा उल्लेख)
- समाजमाध्यमांवर आणि वर्तमानपत्रांत प्रतिमा वापरण्याची मुभा
- मूळ व्यंगचित्रांच्या प्रती प्रवेशाशी लावायच्या असतील तर त्याची वेगळी विनंती
- हक्कधारकांना स्केचेस आधी दाखवणार का, आणि त्यांनी किती दिवसांत कळवायचं

शेवटच्या मुद्द्यावर माझं मत ठाम आहे: स्केचेस दाखवा. बंधन वाटेल, पण प्रदर्शन लागल्यावर एक काम भिंतीवरून उतरवावं लागण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. परवाना लेखी आणि सहीचा घ्या, त्यात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. सिंगापूरच्या महाराष्ट्र मंडळाला हेच प्रदर्शन पुढे न्यायचं असेल तर ही ओळ आत्ताच घातलेली बरी.

नकार आला तर? गट मोडू नका, पात्र बदला. ज्यांच्या निर्मात्यांना जाऊन साठ वर्षं उलटून गेली आहेत अशी चित्रं वापरायला मोकळी असतात. सुकुमार राय १९२३ साली गेले. त्यांनी स्वतः लिहिलेले आणि स्वतःच काढलेले विचित्र प्राणी, म्हणजे बदक आणि साळिंदर मिळून झालेला ‘हांसजारू’ आणि त्याची भावंडं, पुनर्कल्पनासाठी खजिना आहेत. बंगालीतून आलेल्या या प्राण्यांना मराठी कलावंतांनी हात घातला तर काय होईल, हे मला मनापासून बघायचं आहे.

पायरी ३: एका पानाचं टिपण

कलावंतांना द्यायचं टिपण एका पानाचं असावं. टोकियोचं आवाहन एका वाक्याचं होतं आणि ते पुरलं, कारण डोरेमॉन त्या सगळ्यांच्या लहानपणाचा भाग होता. नवख्या किंवा मिश्र गटाला मात्र थोडा आधार लागतो.

दुसरं टोकही बघण्यासारखं आहे. २००० सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत सेंट पॉल शहरात स्नूपी या कार्टूनमधल्या कुत्र्याचे १०१ पुतळे रस्त्यांवर उभे केले होते. साचा सगळ्यांचा एकच, रंगवणारे वेगवेगळे. स्नूपीचे निर्माते चार्ल्स शुल्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते, आणि हे त्यांचं बालपणीचं शहर. हा प्रकार शहरभर साजरा करायला उत्तम आहे. शाळा, दुकानं, कुटुंबं सगळी सामील होतात. पण आकार ठरलेला असल्यामुळे कलावंताला फक्त पृष्ठभाग मिळतो. दालनातल्या प्रदर्शनासाठी मी टोकियोची पद्धत घेईन. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा महाविद्यालयाच्या आवारात करायचं असेल तर सेंट पॉलची.

टिपणात पात्राचा सांगाडा (रूपाचा आणि स्वभावाचा) द्या आणि सांगा: यांतली किमान एक खूण ठेवा, बाकी सगळं मोडलंत तरी चालेल. मग प्रत्येकाला एक प्रश्न द्या. ‘कॉमन मॅन आज कसा दिसेल?’ हा प्रश्न देऊ नका. त्याला हातात मोबाइल दिलेली डझनभर चित्रं येतील. प्रश्न टोकदार आणि प्रत्येकाला वेगळा हवा. तो घरी गेल्यावर कोट कुठे काढून ठेवतो? त्याच्या बायकोनं आयुष्यभर त्याच्याबद्दल काय बघितलं? लक्ष्मण यांना कावळे फार आवडायचे, त्यांनी कावळ्यांची चित्रं मनापासून काढली. मग त्या कावळ्याला हा माणूस वरून कसा दिसतो? रांगेत त्याच्या मागे कोण उभं आहे? कॉमन वूमन असेल तर ती गप्प राहील का?

टिपणात तांत्रिक गोष्टीही घाला: कामाचा जास्तीत जास्त आकार, वजन, विजेची गरज, लटकवायची सोय कलावंतानं करायची की आपण, काम सोपवायची तारीख, मानधन, विक्रीतला वाटा, आणि नव्या कलाकृतीचा हक्क कोणाकडे राहणार.

पायरी ४: कलावंत

दहा ते पंधरा जण पुरेत. त्यापुढे प्रत्येकाशी नीट बोलणं होत नाही, आणि अशा प्रदर्शनाचा जीव बोलण्यात आहे. चित्रकारांशिवाय कापडावर, मातीत, लाकडात, आवाजात आणि ॲनिमेशनमध्ये काम करणारे घ्या. एखादा व्यंगचित्रकार हवाच. रेषेच्या आत राहून विनोद कसा साधायचा हे त्याच्याइतकं बाकीच्यांना कळत नाही.

पारंपरिक कलावंतांना बोलवायची इच्छा सगळ्यांना होते. बोलवा, पण ‘याची वारली करून द्या’ अशी ऑर्डर म्हणून नको. त्यांच्या कलेची रचनाच पात्राला भिडू द्या. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. गोल पत्ते, दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण १२० पत्ते. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकड्यांचे पत्ते. कॉमन मॅन राजा नाही आणि प्रधानही नाही. तो आकड्यांच्या पत्त्यांमध्ये कुठेतरी उभा राहून दहाही दरबार बघत असणार. पत्त्यांच्या खेळाची उतरंडच इथे विषय होते. पिंगुळीच्या चित्रकथीत चित्रं एकामागून एक दाखवत कथेकरी गातो, सांगतो. न बोलणाऱ्या माणसाची कथा तो कशी सांगेल? हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा आणि उत्तर त्यांच्यावर सोपवा. मानधन बाकीच्यांइतकंच, आणि लेबलवर ‘वारली कलाकार’ एवढंच न लिहिता पूर्ण नाव.

पायरी ५: दालन, तारखा, पैसा

मुंबईत जहांगीर कलादालन हवं असेल तर अर्ज करून दीर्घ काळ थांबायची तयारी ठेवा. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन, ठाण्यात कलाभवन, कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन, पणजीत कला अकादमी हे पर्याय बघा. लहान मुलं आणि आजी-आजोबा येणार आहेत, म्हणून जिना, स्वच्छतागृह आणि बसायच्या जागा बघितल्याशिवाय दालन ठरवू नका.

परवानगीच्या पहिल्या पत्रापासून उद्घाटनापर्यंत नऊ-दहा महिने धरा. त्यातले तीन परवानगीत जातात, चार कलावंतांना हवेत. जून ते सप्टेंबर टाळा. कोकणपट्टीत त्या काळात कागद फुगतो, माउंटवर (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर) बुरशी येते, टेम्पोतून उतरवताना एखादं काम भिजतं. टाळता येत नसेल तर आम्लमुक्त माउंट वापरा, आणि काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये पट्टी घाला.

खर्चाचे रकाने: दालनाचं भाडं आणि अनामत, परवाना-शुल्क, कलावंतांचं मानधन, फ्रेम आणि पेडेस्टल (शिल्पाखालचा चौथरा), वाहतूक, विमा, दिवे, छपाई, छायाचित्रण, दालनात बसणाऱ्या मुलांचा भत्ता, उद्घाटनाचा चहा. वर दहा टक्के अचानक येणाऱ्या खर्चासाठी. विमा आणि दालनात बसणारी माणसं हे दोन रकाने बहुतेक जण गाळतात, आणि नेमके तेच गाळू नयेत.

पायरी ६: मधल्या बैठका

कलावंतांनी चार महिने एकेकट्यानं काम केलं तर एकसारख्या तीन कल्पना येतात. महिन्यातून एकदा सगळ्यांनी अर्धवट काम आणायचं. इथे क्युरेटरनं, म्हणजे प्रदर्शन रचणाऱ्यानं, स्पष्ट बोलायला हवं. एखादं चित्र देखणं असूनही पात्राबद्दल काहीच म्हणत नसेल, तर दुसऱ्याच महिन्यात सांगा, शेवटच्या आठवड्यात नाही. एक साधी कसोटी: त्या जागी दुसरं कुठलंही पात्र ठेवलं तरी चित्र तसंच चालतंय का? चालत असेल तर ते अजून झालेलं नाही.

पायरी ७: भिंतीवरची मांडणी

मांडणी कागदावर आधी होते. दालनाची प्रत्येक भिंत १:२० प्रमाणात आलेख-कागदावर काढा, त्याच प्रमाणात कलाकृतींचे पुठ्ठ्याचे तुकडे कापा आणि ते सरकवत बसा. दोन-तीन संध्याकाळी यातच जातील, जाऊ द्या.

क्रम शैलीप्रमाणे किंवा कलावंताच्या ज्येष्ठतेप्रमाणे लावू नका. प्रश्नांप्रमाणे लावा: घरातला कॉमन मॅन एका भागात, रांगेतला दुसऱ्या भागात, त्याला बघणारे तिसऱ्या भागात. प्रवेशाशी मूळ व्यंगचित्रांच्या परवानगीनं केलेल्या चार-पाच प्रती लावा. विशीतल्या प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांनी तो रोजच्या पेपरात कधी बघितलेला नसतो. मूळ माहीत नसेल तर बदल दिसणार कसा? टाइम्स ऑफ इंडियाच्या दीडशे वर्षांनिमित्त १९८८ साली निघालेल्या टपाल तिकिटावरही तो होता. असं एखादं तिकीट मिळालं तर काचेच्या पेटीत ठेवा. वडीलधारी मंडळी तिथे थांबून नातवंडांना सांगायला लागतात.

आता मोजमाप. समजा भिंत ६०० सेंटीमीटर लांब आहे आणि त्यावर पाच चित्रं लावायची आहेत. त्यांच्या रुंदींची बेरीज ३६० सेंटीमीटर. उरली २४० सेंटीमीटर जागा. पाच चित्रांना दोन्ही टोकं धरून सहा फटी पडतात, म्हणजे प्रत्येक फट ४० सेंटीमीटरची.

उंचीसाठी चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून १५० सेंटीमीटरवर ठेवा. मुलं जास्त येणार असतील तर १४५ ठेवा. चित्र ९० सेंटीमीटर उंच आहे आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंटीमीटर खाली येते असं धरू. मग खिळ्याची उंची: १५० अधिक ४५, वजा ८, म्हणजे १८७ सेंटीमीटर. तार हातानं वर ओढून, ताणलेल्या अवस्थेत मोजा. सैल तारेवर मोजलंत तर प्रत्येक चित्र वेगळ्या उंचीला जाईल. जड चित्राला दोन हूक लावा, म्हणजे ते तिरकं होत नाही. सगळ्या भिंतींवर पेन्सिलीनं मध्यरेषा आखून घ्या आणि शेवटी ती खोडा.

दिव्यांचा झोत उभ्या रेषेपासून साधारण तीस अंशांत पडू द्या, काचेवरची चमक कमी होते. कागदावरच्या आणि जलरंगातल्या कामांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड पुरतो, तैलरंगांना २०० पर्यंत चालतो. लक्स मोजणारं ॲप अचूक नसतं, पण दोन भिंतींमधला फरक त्यावर कळतो. खिडकीतून थेट ऊन येणारी भिंत कागदी कामांना देऊ नका.

शिल्पं मुलांच्या हाताच्या टप्प्यात येतातच. पेडेस्टल जमिनीला पक्कं बसवा आणि शिल्प त्यावर चिकटमेणानं धरून ठेवा. हात लावायची परवानगी असलेलं एखादं काम मुद्दाम ठेवा, म्हणजे बाकीची वाचतात.

पायरी ८: लेबल

नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि त्याखाली चाळीस-पन्नास शब्द. मराठी आधी. अक्षर १८ पॉइंटपेक्षा बारीक नको, नाहीतर ज्येष्ठ मंडळी लेबल वाचायला चित्राच्या अंगावर जातात.

मजकूर कसा असावा? त्या खुंटीवरच्या कोटाचंच लेबल घ्या. ‘कलावंताने सामान्य माणसाच्या अस्तित्वाचा अमूर्त शोध घेतला आहे’ हे वाक्य कुठल्याही चित्राखाली चालेल, म्हणून ते कुठेच लावू नये. त्याऐवजी असं लिहा: ‘कोट खरा आहे, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. खिशांत वर्षभराची बसची तिकिटं आहेत. आतल्या खिशात काय आहे ते चित्रकारानं कुणालाच सांगितलेलं नाही.’ असं लेबल वाचून माणूस पुन्हा कोटाकडे बघतो. प्रत्येक लेबल कलावंताशी बोलून लिहा आणि छापण्याआधी त्याला दाखवा.

पायरी ९: प्रदर्शनाचे दिवस

उद्घाटनाची भाषणं पंधरा मिनिटांत आटपा, कारण लोक चित्रं बघायला आलेले असतात. रोज एका ठरावीक वेळी एका कलावंतानं दालनात फिरवून बोलायचं, आणि ती वेळ दारावर लिहायची. शाळांना आठवड्याच्या मधले सकाळचे तास द्या. एका टेबलावर कागद आणि पेन्सिली ठेवा, पहिल्या बैठकीतलाच खेळ: न बघता काढा. ते कागद रोज भिंतीच्या एका पट्ट्यावर लावा. या पट्ट्यासमोर गर्दी कायम असेल, तेव्हा तो दाराजवळ नको, आत खोलवर ठेवा.

छायाचित्रं काढायला मुभा असेल तर तसं लिहा, फ्लॅश नको हेही लिहा. विक्रीची यादी स्वतंत्र कागदावर ठेवा आणि विकल्या गेलेल्या कामाला लाल टिकली लावा. परवान्यात प्रिंटची मुभा नसेल तर ‘एक कॉपी काढून द्या ना’ म्हणणाऱ्या ओळखीच्यांनाही नम्रपणे नाहीच सांगा. जीएसटी आणि पावत्यांचं आधीच सीएशी बोलून ठेवा.

पायरी १०: उतरवणं

काम आलं तेव्हा प्रत्येकाची स्थिती छायाचित्रांसह नोंदवलेली असेल तर परत देताना वाद होत नाहीत. कोपरे, कॅनव्हासच्या कडा, फ्रेमचे सांधे यांचे जवळून फोटो घ्या. गुंडाळताना रंगाच्या पृष्ठभागाला आधी ग्लासीन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद लावा, मग बबल रॅप. बबल थेट रंगावर टेकला तर गोल ठसे उमटतात. विकलेली कामं ग्राहकाला, न विकलेली कलावंताला, दोन्हीकडे सहीची पोच घ्या. मानधन आणि विक्रीचे पैसे ठरलेल्या तारखेला चुकते करा. हक्कधारकांना सगळ्या कामांची छायाचित्रं, कॅटलॉगच्या प्रती आणि विक्रीचा हिशेब पाठवा.

डोरेमॉनचं प्रदर्शन टोकियोनंतर २०१९ मध्ये ओसाकाला आणि २०२२ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलं. तुमचंही पुण्याहून कोल्हापूर, कोल्हापूरहून पणजी असं जाऊ शकतं. म्हणून लाकडी पेट्या मोडीत काढू नका, भिंतींचे आराखडे आणि लेबलांच्या फाइली एका जागी ठेवा, आणि विकली गेलेली कामं फिरतीसाठी उसनी देण्याची अट ग्राहकाच्या पावतीवरच लिहून घ्या. नव्या दालनाच्या भिंती मोजून आलेख-कागदाचं काम मात्र पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.